उन्हापावसात चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी कनेक्टर कसे निवडावेत : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या शेडमध्ये आम्ही द्राक्षबागांसाठी ठिबक सिंचनाचे नियंत्रक, बेदाण्याच्या शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रे आणि नदीकाठच्या पंपांसाठी पॅनेल बनवतो. सुरुवातीच्या दोन हंगामांत जी उपकरणे दुरुस्तीला परत आली, त्यांतील बहुतेकांचा सर्किट बोर्ड अगदी ठीक होता. बिघाड सापडला तो बोर्डापर्यंत वीज आणि संदेश पोहोचवणाऱ्या जोडणीत. कुठे पिन काळी पडली होती, कुठे ग्लँडमधून (केबल पेटीत घेताना तिला घट्ट धरणाऱ्या सीलच्या जोडातून) पाणी उतरले होते, तर कुठे तार क्रिम्पमधून (तारेवर दाबून बसवलेल्या धातूच्या संपर्कातून) सुटून नुसती रबरात अडकून राहिली होती. त्या काळात आम्ही बोर्डावर महिनोन्महिने घालवत होतो आणि कनेक्टर मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानात जो हाती लागेल तो आणत होतो. हा क्रम बदलल्यावरच आमची उपकरणे शेतात टिकू लागली.

सांगली, मिरज, सातारा या भागांत शिक्षण संपवून स्वतःचे काम सुरू करणारे अनेक तरुण मला याविषयी विचारतात, म्हणून जे आम्ही नुकसान सोसून शिकलो ते येथे क्रमाने मांडतो आहे. त्यातील मुख्य गोष्ट अशी की कनेक्टर ही सुटी वस्तू नसते. समोरचा जोडीदार, आतील संपर्क, केबल, सील, मागचे आवरण, टोपी आणि हे सारे बसवण्याचे हत्यार मिळून एक जोडणी तयार होते, आणि त्यांतील एक जरी चुकले तरी बाकीच्यांवर केलेला खर्च वाया जातो.

सुरुवातीला हाताशी काय असावे

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी खरेदीपूर्वीच मिळवा:

- कनेक्टरची डेटाशीट आणि मापांचे रेखाचित्र (पॅनेलला पाडायच्या छिद्राचे माप यातच असते)
- संपर्काची क्रिम्पिंगची सूचनापत्रिका. ती डेटाशीटहून वेगळी असते आणि मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही
- केबलची डेटाशीट, ज्यात बाहेरचा व्यास आणि प्रत्येक तारेच्या इन्सुलेशनचा व्यास दिलेला असेल
- विक्रेत्याचे पक्के बिल आणि मालासोबतचे उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र

हत्यारांमध्ये व्हर्नियर कॅलिपर, त्या संपर्कासाठीच असलेली रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड, इन्सुलेशन सोलण्याची पक्कड, चुकून बसवलेली पिन काढण्याचे एक्स्ट्रॅक्शन टूल, मल्टिमीटर, इन्सुलेशन तपासण्याचा मेगर आणि सामान तोलण्याचा लटकता डिजिटल काटा एवढे हवे. काटा कशासाठी, ते सहाव्या पायरीत येईल.

१. आधी जागा पाहा, मग कॅटलॉग उघडा

उपकरण जिथे बसणार आहे तिथे एकदा प्रत्यक्ष जा आणि शक्य असल्यास काम चालू असताना जा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पडतो. पण माणमध्ये धूळ आणि ऊन यांचा मारा असा असतो की तेथील कनेक्टरची निवड सोपी होते असे मुळीच नाही. साखर कारखान्यात कंपन, उष्णता, मळीचा चिकटा आणि साखर पांढरी करण्यासाठी जाळलेल्या गंधकाचा वायू हे सारे एकाच वेळी असते.

रसायनांकडे विशेष लक्ष द्या, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. तासगाव, पलूस भागातील द्राक्षबागांत भुरीसाठी गंधक वापरतात आणि गंधकाच्या सान्निध्यात चांदीचा मुलामा असलेले संपर्क काळे पडतात. बेदाण्याला धुरी देतात त्या खोलीतला वायू तर ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतो. विटा-खानापूर भागातील पोल्ट्री शेडमध्ये अमोनिया असतो आणि अमोनियाने पितळेला ताण असलेल्या जागी तडे जातात. वरून निकेलचा मुलामा असलेली पितळी नट पहिल्या वर्षी चकचकीत दिसते आणि पुढे एक दिवस हातात तुटून येते. अशा जागी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा चांगल्या प्लास्टिकची नट घ्यावी.

तेथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्या: ही जोडणी कोण उघडणार आहे? शेतीपंपांना रात्रीची वीज असते तेव्हा शेतकरी बॅटरीच्या उजेडात, ओल्या हाताने कनेक्टर काढतो आणि लावतो. ज्या जोडणीला बारीक स्क्रू-ड्रायव्हर लागतो ती त्याच्यासाठी नाही. एकाच पेटीवर दोन सारखे कनेक्टर असतील तर ते कधी ना कधी अदलाबदलीने लागणार असे गृहीत धरूनच, वेगळ्या पिनसंख्येचे किंवा वेगळ्या खाचेचे दोन प्रकार निवडा. रंगाच्या खुणेवर विसंबू नका, कारण रात्री रंग दिसत नाही.

२. प्रवाह, व्होल्टेज आणि संदेश यांची यादी करा

प्रत्येक तारेसाठी नेहमीचा प्रवाह, सुरू होतानाचा प्रवाह, व्होल्टेज आणि त्या तारेतून वीज जाते की संदेश, हे कागदावर लिहा. कॅटलॉगमधील «१३ अँपिअर» हा आकडा बहुधा मोजक्या पिनांतून प्रवाह वाहत असताना आणि ठरावीक तापमानवाढ गृहीत धरून दिलेला असतो. बाराही पिना एकदम भाराखाली असतील आणि पेटीच्या आत ६० अंश सेल्सिअस असेल, तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. डेटाशीटमध्ये डीरेटिंगचा, म्हणजे तापमान वाढेल तसा प्रवाह किती कमी करावा याचा, आलेख असतो, तो वाचा. आलेख दिलेलाच नसेल तर आम्ही सांगितलेल्या प्रवाहाच्या निम्म्यावर थांबतो.

याचे कारण साध्या गणितात आहे. संपर्काचा रोध १० मिलिओहम आणि प्रवाह ८ अँपिअर असेल तर तेथे ०.६४ वॉट उष्णता निर्माण होते. गंज किंवा सैलपणामुळे तोच रोध १०० मिलिओहम झाला तर ६.४ वॉट, आणि ही उष्णता एका पिनेच्या टोकावर साठते. उष्णतेने पिनेची स्प्रिंग मऊ पडते, पकड सुटते, रोध आणखी वाढतो आणि शेवटी प्लास्टिक वितळते.

संदेशाच्या तारांचा प्रश्न याच्या उलट असतो. तेथे प्रवाह इतका कमी असतो की संपर्कावर बसलेला ऑक्साइडचा पातळ थर त्याला भेदता येत नाही. शीतगृहातील पीटी-१०० सेन्सर (तापमानानुसार रोध बदलणारा) दोन तारांनी जोडला असेल, तर जोडणीत वाढलेला ०.४ ओहम रोध सुमारे एक अंशाची चूक दाखवतो, कारण त्या सेन्सरचा रोधच अंशामागे ०.३८५ ओहमने बदलतो. आम्ही एका शीतगृहात या एका अंशाच्या शोधात सेन्सर दोनदा बदलला होता. दोष कथिलाच्या मुलाम्याच्या एका स्वस्त कनेक्टरमध्ये होता. तेव्हापासून असे सेन्सर आम्ही तीन किंवा चार तारांनीच जोडतो. थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) असेल तर त्याच मिश्रधातूच्या पिना असलेला कनेक्टर घ्यावा लागतो. साधा तांब्याचा चालत नाही. चार ते वीस मिलिअँपिअरच्या संदेशाला मात्र थोड्या रोधाने फरक पडत नाही, म्हणून लांबच्या अंतरासाठी तो सोयीचा.

डीसी विजेविषयी एक ताकीद. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीला तशी विश्रांती नसते, म्हणून भार चालू असताना डीसी कनेक्टर ओढला की ठिणगी लांबत जाते आणि पिन जळते. सौर पंपावर काम करणाऱ्यांनी हे कधीही विसरू नये. जिथे वीज येते त्या बाजूला नेहमी सॉकेट ठेवा आणि उघडी पिन भाराच्या बाजूला ठेवा, म्हणजे काढलेल्या कनेक्टरला बोट लागले तरी शॉक बसणार नाही.

३. कनेक्टरचा प्रकार ठरवा

बोर्डाच्या आत, बोर्डापासून जवळच्या तारांसाठी, जेएसटी कंपनीच्या एक्सएच प्रकारासारखे छोटे कनेक्टर पुरतात. येथे एक नेहमीचा सापळा आहे. एक्सएचच्या पिनांमधील अंतर २.५ मि.मी. असते आणि दिसायला तसाच असणारा दुसरा प्रकार २.५४ मि.मी.चा असतो, चार पिनांपर्यंत तो जोर लावून बसतो आणि मग स्प्रिंग वाकडी होते. असेच हिरव्या प्लग-इन टर्मिनलांचे आहे. ५ मि.मी. आणि ५.०८ मि.मी. ही दोन्ही मापे बाजारात शेजारीशेजारी ठेवलेली असतात, पण बारा पिनांच्या टर्मिनलमध्ये फरक साचत साचत ०.८८ मि.मी. होतो.

पेटीबाहेरच्या सेन्सरांसाठी एम-१२ (१२ मि.मी. आट्यांचा गोल कनेक्टर) हा आमचा पहिला पर्याय आहे. त्यातील ए-कोडिंग सेन्सरसाठी, डी-कोडिंग १०० मेगाबिटच्या इथरनेटसाठी आणि एक्स-कोडिंग त्याहून वेगवान इथरनेटसाठी असते. खाच वेगळी असल्याने एकाचा दुसऱ्यात बसत नाही. चार पिनांच्या ए-कोडिंगमध्ये १ तपकिरी म्हणजे धन, ३ निळी म्हणजे शून्य, ४ काळी म्हणजे संदेश आणि २ पांढरी, ही रूढ रंगपद्धत पाळा, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा सेन्सर तुमच्या पेटीला लावता येतो. जागेवर जोडायचा एम-१२ घेताना केबलचा व्यास पाहा. काही नग ४ ते ६ मि.मी.साठी असतात, तर काही ६ ते ८ मि.मी.साठी असतात.

ट्रॅक्टर, ब्लोअर, ऊसतोडणी यंत्र यांसारख्या धक्के खाणाऱ्या जागी डॉइच डीटी प्रकार चांगला ठरतो. त्याचा १६ आकाराचा संपर्क १३ अँपिअरचा असतो, प्रत्येक तारेला मागे स्वतंत्र सील असते आणि आत एक पाचर बसते. ती पाचर न बसवलेले कनेक्टर मी पाहिले आहेत. पाचरीशिवाय पिना मागे सरकतात. रिकाम्या छिद्रांत सीलिंगचे डमी घालणे तितकेच आवश्यक आहे, कारण एका रिकाम्या छिद्रातून शिरलेले पाणी सगळ्या पिनांपर्यंत पोहोचते.

«एव्हिएशन प्लग» या नावाने मिळणारे गोल, चकचकीत, स्वस्त कनेक्टर प्रयोगशाळेच्या टेबलावर वापरायला हरकत नाही. नावात विमान असले तरी बहुतेकांना पाणी अडवणारे सील नसते. आमची पहिली वीस उपकरणे याच प्लगवर गेली होती आणि पहिल्याच पावसाळ्यात ती सगळी उघडावी लागली.

अँटेनाच्या बाबतीत एसएमए आणि आरपी-एसएमए यांतील फरक पाहूनच मागणी करा. दोन्हींचे आटे जुळतात, पण मधोमध समोरासमोर दोन सॉकेट किंवा दोन पिना येतात आणि जोडणी होत नाही. उपकरण मग रेंज नाही असे दाखवत राहते आणि माणूस सिमकार्ड बदलत बसतो.

४. संपर्कांवरचा मुलामा

कमी प्रवाहाच्या संदेशासाठी सोन्याचा मुलामा, भरपूर प्रवाहाच्या आणि क्वचित उघडायच्या जोडणीसाठी कथिलाचा, हे सर्वसाधारण सूत्र. सोन्याची पिन आणि कथिलाचे सॉकेट अशी जोडी मात्र कधीही लावू नका. बारीक कंपनाने कथिलाचा चुरा सोन्यावर चढतो, त्याचे ऑक्साइड होते आणि काही महिन्यांत संपर्क अधूनमधून तुटू लागतो. अशा बिघाडाची सर्वांत त्रासदायक बाजू ही की कनेक्टर काढून पुन्हा लावला की घासल्याने तो तात्पुरता बरा होतो, आणि तपासणाऱ्याला बिघाड सापडतच नाही.

५. पाणी आत कसे जाते ते समजून घ्या

या पायरीवर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण आमचे सर्वाधिक नुकसान येथेच झाले.

आयपी या अक्षरांनंतरचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. आयपी-६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही अपायकारक पाणी आत न जाणे. आयपी-६७ असलेली वस्तू जोरदार फवारा सहन करतेच असे नाही, कारण त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. दोन्ही हव्या असतील तर डेटाशीटवर ६६ आणि ६७ असे दोन्ही आकडे असले पाहिजेत. हा दर्जा कनेक्टर जोडलेला असतानाच लागू होतो. काढून ठेवलेल्या कनेक्टरला टोपी नसेल तर त्याचा दर्जा शून्य समजा आणि टोपी साखळीने किंवा दोरीने बांधलेलीच घ्या, कारण सुटी टोपी शेतात दोन दिवसही टिकत नाही.

आयपी-६७ म्हणजे महापुरातही चालेल असा समज करून घेऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ते पाणी कित्येक दिवस उतरले नव्हते. एक मीटर आणि अर्धा तास या चाचणीचा त्या परिस्थितीशी काहीही संबंध नाही. नदीकाठच्या पंपाची पेटी पूररेषेच्या वर बसवणे किंवा झटकन काढून नेता येईल अशी जोडणी देणे, हेच दोन उपाय आहेत.

आता वळवाच्या पावसाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उन्हात असलेल्या बंद पेटीतील हवा ६५ अंशांपर्यंत तापते. चार वाजता ढग येतात आणि थंड पाऊस कोसळतो, पेटी काही मिनिटांत २५ अंशांवर येते. घट्ट बंद पेटीत त्यामुळे हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. हा फरक एक मीटरहून थोड्या अधिक उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे. म्हणजे पाण्यात न बुडताही तुमची पेटी आयपी-६७ च्या चाचणीइतका ताण सोसते, तोही नेमका तिच्या प्रत्येक सीलवर पाणी साचलेले असताना, आणि असे एका हंगामात अनेकदा घडते. सील जितके चांगले तितकी पेटी जोराने पाणी ओढते. हे कळेपर्यंत आम्ही सिलिकॉनचे थर वाढवत होतो आणि पाणी वाढत होते.

यावर उपाय म्हणजे श्वास घेणारा व्हेंट प्लग. त्यातील पातळ पडद्यातून हवा ये-जा करते, पण पाण्याचा थेंब जात नाही. तो पेटीच्या बाजूला किंवा खाली बसवा, वर कधीही नको, कारण पडद्यावर पाणी साचले की हवा थांबते. आम्ही बाहेर बसणाऱ्या प्रत्येक पेटीला तो बसवू लागल्यापासून पेटीच्या तळाशी पाणी सापडण्याचे प्रकार जवळजवळ बंद झाले.

ग्लँडच्या बाबतीत चार चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे एका ग्लँडमधून दोन केबली घालणे. त्यांच्या मधल्या फटीला कोणतेही साधे सील भरून काढत नाही. दुसरी, सबमर्सिबल पंपाची चपटी केबल गोल सीलच्या ग्लँडमधून घेणे; चपट्या केबलचे सील वेगळे मिळते, ते मागून घ्या. तिसरी, पीजी-१३.५ आणि एम-२० हे आटे एकच समजणे. पीजी-१३.५ चा बाहेरचा व्यास २०.४ मि.मी. असतो, आटेही वेगळे असतात, आणि जोराने फिरवले की प्लास्टिकची पेटी चिरते. चौथी, केबलच्या व्यासापेक्षा मोठा ग्लँड घेऊन चिकटपट्टीने जाडी वाढवणे. चिकटपट्टीचा गोंद उन्हात वितळतो आणि वाट मोकळी होते.

आणखी एक वाट फार थोड्यांना माहीत असते. केबलचे दुसरे टोक शेतात उघडे असेल, तर पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे चढते आणि इन्सुलेशनच्या आतूनच पेटीत येते. ग्लँड कोरडा, पेटी ओली, असे दिसले तर केबलचे लांबचे टोक तपासा. केबल पेटीत नेहमी खालून आणि आधी एक सैल वेढा देऊन घ्या, म्हणजे बाहेरून ओघळणारे पाणी वेढ्याच्या तळाशी गळून पडेल.

६. केबल आणि क्रिम्पिंग

केबल आधी ठरवा आणि मग संपर्क, उलट नाही. संपर्काला दोन मापे जुळावी लागतात: तांब्याचे क्षेत्रफळ आणि इन्सुलेशनचा व्यास. डॉइच डीटीचे नेहमीचे सील साधारण २.२ ते ३.७ मि.मी. व्यासाच्या तारेसाठी असते. पातळ इन्सुलेशनची तार त्यात पाणी अडवत नाही, मग तांब्याचे माप कितीही बरोबर असो. याच प्रकारात भरीव आणि पत्र्याचे असे दोन तऱ्हेचे संपर्क मिळतात आणि त्यांच्या पक्कडी वेगवेगळ्या असतात.

व्होल्टेजची घट मोजायला विसरू नका. एक चौरस मि.मी. तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १९ मिलिओहम असतो. शंभर मीटरवरील व्हॉल्व्हसाठी जाऊन-येऊन दोनशे मीटर तार लागते, म्हणजे जवळजवळ ३.८ ओहम, अर्ध्या अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच जातात.

क्रिम्पिंगसाठी साधी पक्कड वापरू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. योग्य पक्कड महाग असते हे खरे, पण चांगल्या क्रिम्पमध्ये धागे आणि संपर्क इतके दाबले जातात की मध्ये हवा राहत नाही आणि गंजाला जागा मिळत नाही. साध्या पकडीने नुसते चेपले जाते. क्रिम्पवर वरून झाळणेही टाळा, कारण झाळण तारेत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनाने ताठ भागाच्या कडेला तार तुटते. स्क्रूच्या टर्मिनलात जाणारे टोकही झाळू नका. कथिल दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू सैल होतो. तेथे फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची छोटी धातूची नळी) लावा. फेरूलच्या रंगांच्या एकाहून अधिक पद्धती आहेत, त्यामुळे रंग न पाहता पाकिटावरचे माप पाहा.

आता काट्याकडे येऊ. प्रत्येक नव्या रिळाच्या आणि नव्या संपर्काच्या सुरुवातीला तीन नमुने क्रिम्प करून काट्याला लावून ओढा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.५ चौ. मि.मी. तारेने किमान ६० न्यूटन, ०.७५ ने ८५, १ ने १०८ आणि १.५ ने १५० न्यूटन ओढ सोसली पाहिजे. काट्यावर हे अनुक्रमे सुमारे ६.१, ८.७, ११ आणि १५.३ किलो दिसतात. तार संपर्कातून अखंड निसटली तर क्रिम्प सैल आहे. क्रिम्पच्या तोंडाशी कमी ओढीतच तुटली तर तो जास्त दाबला गेला आहे किंवा सोलताना धागे कापले गेले आहेत.

७. सुटे भाग मोजून मागवा

कनेक्टरचा क्रमांक म्हणजे पुष्कळदा फक्त प्लास्टिकचे घर असते. संपर्क, पाचर, सील, डमी, मागचे आवरण, पॅनेलची नट, रबरी रिंग आणि टोपी यांचे क्रमांक वेगळे असतात. आमच्या पहिल्या मोठ्या मागणीत घरे दोनशे आली आणि संपर्क एकही आला नाही, कारण आम्ही ते मागितलेच नव्हते. संपर्क नेहमी गरजेपेक्षा दहा टक्के अधिक घ्या.

शिल्ड असलेली केबल असेल तर मागचे आवरण धातूचे आणि शिल्डला चहूबाजूंनी धरणारे घ्यावे. शिल्ड पिळून एका लांब तारेने पिनेला जोडली तर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) शेजारी ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. उन्हातल्या केबली बांधायला पांढऱ्या नायलॉन पट्ट्या नकोत, त्या ठिसूळ होऊन तुटतात. उन्हासाठीच्या काळ्या घ्या. उसाच्या शेतात आणि गोदामात उंदीर-घुशींचा उपद्रव गृहीत धरून जमिनीलगतची केबल लवचीक धातूच्या नळीतून न्या.

८. खरेदी

लहान शहरात सगळे मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या अधिकृत वितरकांकडून मागवावे लागते. किमान नगसंख्या आणि माल येण्याचा कालावधी लेखी विचारा, आणि त्याच मापाचा दुसऱ्या उत्पादकाचा पर्याय आरेखन चालू असतानाच शोधून ठेवा. एका विक्रेत्याने आम्हाला प्रसिद्ध प्रकाराचा हुबेहूब माल निम्म्या दरात दिला होता. घरे उत्तम होती, पण सॉकेटची स्प्रिंग दहा वेळा काढघाल केल्यावर ढिली पडली. पहिल्या नमुन्यांची काढघाल तीस-चाळीस वेळा करून पाहिल्याशिवाय मोठी मागणी देऊ नका.

९. पाठवण्यापूर्वीची तपासणी

प्रत्येक जोडणी जुळवल्यावर मल्टिमीटरने सलगता पाहताना केबल हाताने हलवा; स्थिर असताना ठीक आणि हलवल्यावर तुटणारा संपर्क याच वेळी सापडतो. मेगर लावण्यापूर्वी बोर्ड काढून ठेवा, नाहीतर ५०० व्होल्टने बोर्डच जाईल. एम-१२ ची नट पक्कडीने आवळू नका. बहुतेक उत्पादक ०.४ ते ०.६ न्यूटन-मीटर सांगतात आणि त्यासाठी छोटा टॉर्क पाना मिळतो.

पेटीसाठी आम्ही घरच्या घरी वळवाची चाचणी करतो. आत कोरडा टिपकागद ठेवून, सगळे ग्लँड आणि टोप्या लावून, पेटी दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि चार वाजता तिच्यावर दहा मिनिटे गार पाणी सोडायचे. असे तीन दिवस केल्यावर उघडून कागद पाहायचा. तो कुठे ओला झाला आहे यावरून कोणते सील फसले ते समजते.

१०. बसवल्यानंतर

ग्लँड आणि नट आवळून झाल्यावर त्यांच्यावरून पेटीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि पेटीच्या झाकणाच्या आत पिनांची वाटणी, केबलचा प्रकार व संपर्कांचे क्रमांक लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. पहिला पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास, एकदा जाऊन ती रेघ पाहा. ती सरकलेली दिसली तर ग्लँड जागच्या जागी नुसता आवळू नका. आधी वीज बंद करा, तो उघडा, सीलला भेग पडली आहे का आणि केबलचे वेष्टण दबून बारीक झाले आहे का ते पाहा, गरज असल्यास सील बदला आणि मगच आवळून नवी रेघ ओढा.